हेडबाईंचं अर्धं वाक्य

आमच्या घरात केळं हा शब्द फळासाठी वापरत नाहीत. केळं म्हणजे ते पिवळं, फुगवलेलं, लांबलचक धूड. माणसं त्यावर एकामागे एक, दोन्हीकडे पाय टाकून बसतात आणि मी त्याला दोर बांधून माझ्या बोटीमागे समुद्रात ओढत नेते. पाट्यांवर त्याला बनाना राइड म्हणतात. बाबांनी धंदा सुरू केला तेव्हा त्यांच्या तोंडी ते नाव बसेना, म्हणून केळं. खायच्या केळ्याला आई 'फळवालं केळं' म्हणते. बाहेरच्या माणसाला आमचं बोलणं ऐकून आमच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं वाटतं, आणि सीझनच्या दिवसांत ते फारसं चूक नसतं.

बोट मी चालवते. बाबांचा गुडघा गेल्यापासून ते किनाऱ्यावर मोठ्या छत्रीखाली बसून तिकिटं देतात, कर्णा तोंडाला लावून गर्दीला रांग लावायला सांगतात आणि गर्दी त्यांचं ऐकत नाही. धाकटे काका माझ्याबरोबर बोटीत असतात, मागच्या बाजूला, तोंड केळ्याकडे करून. मी पुढे बघायचं, त्यांनी मागे बघायचं आणि मागच्यांनी काय मागितलं ते मला ओरडून सांगायचं, अशी आमची वाटणी. निघायची वेळ झाली की काका दोर मोकळा करतात आणि म्हणतात, "बोट सोड." मग मी वेगाची दांडी पुढे ढकलते. वेग वाढवायचा असला तरी शब्द तोच, सोड. इतकी वर्षं हे ऐकत आलेय की आता ते शब्द माझ्या डोक्यात जातच नाहीत, कानातून थेट हातात उतरतात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर सगळे माझ्या डोक्यावर फोडतात.

त्या सीझनला माझं लग्न ठरत होतं. म्हणजे आमच्या दोघांचं ठरलेलं होतं, बाकीच्यांचं ठरायचं होतं. मुलगा दातांचा डॉक्टर. मित्रांबरोबर केळ्यावर बसायला आला आणि पहिल्याच वळणाला पाण्यात पडला. मी त्याला लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून बोटीत ओढून घेतलं. नाकातोंडातून पाणी गळत असताना तो मला पहिलं वाक्य काय म्हणाला असेल, तर माझ्या वरच्या दाताला चीर गेली आहे, दुर्लक्ष करू नये. मी म्हटलं, आधी स्वतःची पँट वर घ्या. लाटेने ती पार गुडघ्यांपर्यंत नेली होती. अशा ओळखीतून लग्नाशिवाय दुसरं काय निघणार?

त्याला बोट लागते. पाण्यावर गेल्यावर सगळ्यांनाच कधी ना कधी लागते, पण याला किनाऱ्यावर उभं राहून हलती बोट बघितली तरी लागते. तरीही दर रविवारी तो यायचा आणि समुद्राकडे पाठ करून, बाबांच्या शेजारी बसून माझी वाट बघायचा. अशा माणसावर जीव जडतो, त्याला माझा इलाज नव्हता.

त्याच्या आई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मराठीचं व्याकरण शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी सगळं गाव त्यांना हेडबाई म्हणायचं. त्यांचा मुलगाही म्हणायचा, त्या खोलीत नसल्या की. मला त्या एकदाच भेटल्या होत्या, हॉटेलात, चहावर. तेव्हा माझ्या बोलण्यातल्या दोन चुका त्यांनी सुधारल्या आणि निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी घरी येऊन आईला सांगितलं की माझं काम झालं.

झालं नव्हतं. हेडबाईंची एक अट होती आणि ती मला सांगायचं काम त्यांनी मुलावर सोपवलं होतं. त्या बिचाऱ्याने त्यासाठी बरोबर जागा शोधली. मी त्याच्या दवाखान्यात खुर्चीत आडवी, तोंड उघडं, गालात कापूस, त्याचं बोट आणि तो छोटा आरसा माझ्या तोंडात. तेव्हा तो म्हणाला, आईला तू पसंत आहेस, तिचं फक्त एवढंच म्हणणं आहे की लग्नानंतर तू बोट सोडावीस. मला बोलता येईना, म्हणून मी चावले.

"आई गं," तो म्हणाला, "बोट सोड."

कुठली की कुठलं ते कळेना, म्हणून मी दोन्ही सोडली नाहीत. शेवटी मदतनीस बाई धावत आल्या तेव्हा त्याची सुटका झाली. मग तो बोटाला बर्फ लावून बसला आणि मी त्याला तोंडातल्या कापसासकट सुनावलं. तो म्हणाला, मी तुझ्या बाजूने आहे, पण आईला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही, तूच काय ते बोल. घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. मला तो हवा होता. मला बोटही हवी होती. सकाळी पहिल्यांदा दांडी ढकलते तेव्हा बोटीचं नाक वर उठतं आणि मला आजही पहिल्या दिवसासारखंच हसू फुटतं. दिवसभर माझ्या पाठीमागे माणसं आनंदाने किंचाळत असतात. असं काम किती जणांच्या वाट्याला येतं? आणि ते सोडून मी करायचं काय, दवाखान्यात बसून लोकांना आत पाठवायचं?

रविवारी ते लोक दुपारी चहाला यायचे होते. आईने सकाळपासून घर झाडायला काढलं. आमचं घर किनाऱ्याला लागूनच, त्यामुळे वाळू घरात आमच्याआधी येते आणि आमच्यानंतर जाते. आईने सोफ्याच्या उशा झटकल्या, पडदे झटकले, शेवटी बाबांना झटकलं. मला ताकीद मिळाली की जेवणाच्या आत बोट बांधायची, अंघोळ करायची, केसातलं मीठ काढायचं आणि माणसासारखं दिसायचं.

हेडबाई सकाळीच हजर झाल्या. थेट किनाऱ्यावर. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर रुंद टोपी, चष्म्याला दोरी. एका हाताला नात. ही माझ्या होणाऱ्या नणंदेची मुलगी, सगळे तिला टिकली म्हणायचे, आणि ती गर्दीतून आजीला ओढत आणत होती. मागून डॉक्टर, आईची पिशवी घेऊन, समुद्राकडे न बघता तिरका चालत. बाबा गडबडीने उठले आणि गुडघ्यामुळे पुन्हा बसले. हेडबाईंनी त्यांना सांगितलं की आधी तुमच्या मुलीचं काम बघते, मग चहाचं बघू.

टिकलीला बघायचं नव्हतं, बसायचं होतं. लहान मुलांना मोठ्या माणसाबरोबरच घ्यायचं हा आमचा नियम, तो पाटीवर लिहिलेला आहे. मोठं माणूस म्हणून तिने मामाकडे बघितलं. मामाने पिशवी घट्ट धरली आणि तो पांढराफटक पडला. मग हेडबाईंनी टोपीची दोरी हनुवटीखाली आवळली, बूट काढून व्यवस्थित एकाशेजारी एक ठेवले आणि जॅकेट मागितलं.

काका माझ्याजवळ येऊन कुजबुजले की आज केळं पाळण्यासारखं न्यायचं. मला हे सांगायची गरज नव्हती. एरवी माणसांना पाण्यात पाडणं हा राइडचाच भाग असतो, नाही पाडलं तर लोक भांडतात. पण होणाऱ्या सासूला पाडून घरात जायची हौस मला नव्हती.

केळ्यावर सगळ्यात पुढे टिकली, तिच्या मागे तिला कवेत घेऊन हेडबाई आणि शेवटी एकाच रंगाचे शर्ट घातलेलं एक नवं जोडपं. ते जोडपं सारखं विचारत होतं की पाडणार ना, नक्की पाडणार ना. हेडबाईंनी मागे वळून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी विचारणं थांबवलं.

मी बोटीत उभी, इंजिन हळू चालू, दोर अजून सैल. काका आमच्याकडे पाठ करून दोराचा पीळ काढत होते. मी मनात म्हटलं, एवढी एक फेरी नीट पार पडू दे. तेवढ्यात हेडबाईंनी मला हाक मारली.

"ऐक मुली. मी आडवळणाने बोलत नाही. घरात सगळ्यांसमोर तुला अवघड होईल, म्हणून इथेच सांगते. बोट सोड..."

शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज. काकांनी त्यातले दोनच शब्द ऐकले. त्यांना काय ठाऊक कोण बोलतंय. त्यांनी दोर सोडला आणि सवयीने म्हणाले, "सोड." आणि माझ्या हाताने, शपथेवर सांगते, मला न विचारता दांडी पुढे ढकलली.

बोटीचं नाक वर उठलं. दोर ताणला आणि केळं पाण्यावरून उडालं. हेडबाईंचं उरलेलं वाक्य किनाऱ्यावरच राहिलं. बाबांनी नंतर सांगितलं की ते त्यांनी ऐकलं. "म्हणजे पुढचं सगळं सुरळीत होईल," असं होतं ते.

मी लगेच वेग कमी करणार होते. पण मागून हेडबाई ओरडल्या, "अगं, आत्ता नाही." वारा समोरचा, इंजिन मध्ये, आमच्यापर्यंत वाक्याचे तुकडेच पोचतात. काका म्हणाले, "आत्ता म्हणतायत." मी विचारलं, आत्ता काय? काकांनी कान टवकारले. हेडबाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या, त्यातलं 'सोड' तेवढं स्वच्छ ऐकू आलं. लोक आम्हाला रोज हेच ओरडून सांगतात. मी सोडली.

आता मागे काय चाललं होतं ते मला टिकलीने नंतर सांगितलं, आणि ती ते अजूनही येईल त्याला सांगते. आजीने केळ्यावरची धरायची पुढची मूठ पकडली होती ती नातीच्या बोटांवरूनच. वेग वाढला तशी आजीची पकड वाढली. पोरीचं एक बोट मुठीच्या आणि आजीच्या हाताच्या मध्ये चेपलं. ती कळवळून ओरडली, "आजी, माझं बोट सोड."

काकांनी मला सांगितलं, "पोरगी म्हणतेय बोट सोड."

मी म्हटलं, सोडलीये की.

"अजून सोड म्हणतेय. लहान जीव आहे, हौस मोडू नकोस."

आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मला भरून आलं होतं. म्हटलं, पोर खूश आहे, आजीही सोड म्हणतायत, म्हणजे त्यांना आवडलं. बहुतेक त्यांनी मघाशी म्हणायला घेतलं ते बोट सोडू नकोस असंच असेल. माणसाला हवं ते ऐकू यायला किती वेळ लागतो? मी आनंदात दांडी पार शेवटपर्यंत नेली.

आणि समोर पोहणाऱ्यांच्या हद्दीचे केशरी फुगे आले. तिथे वळावंच लागतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी ते वळण इतकं सावकाश घेते की मागचे जांभया देतात. त्या वेगात सावकाश कसलं. मी चाक फिरवलं, दोर आडवा झाला, आणि मागे सगळ्यांनी एकाच वेळी तोंडातून काढला तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे. मी मागे बघितलं तेव्हा केळं पोट वर करून तरंगत होतं आणि त्यावर कोणी नव्हतं.

इंजिन बंद करून मी पाण्यात डोकी शोधली. जोडपं सापडलं, ते एकमेकांना टाळ्या देत होतं. टिकली सापडली, तिला हसून हसून उचकी लागली होती. टोपी सापडली, टोपीखाली कोणी नव्हतं. मग थोड्या पलीकडे लाट खाली बसली आणि हेडबाई दिसल्या. जॅकेटात ताठ उभ्या, केस विस्कटलेले, चष्मा दोरीला लोंबकळत. माझं लग्न तिथे पाण्यावर वर-खाली होत होतं.

काकांनी कपड्यांसकट उडी मारली आणि माफी मागतच तिकडे पोहत गेले. पोरीनेच सांगितलं, ते म्हणाले, बोट सोड म्हणून. हेडबाईंनी तोंडातलं पाणी थुंकलं.

"ती बोट नव्हे. ते बोट. माझं बोट म्हणाली ती. नपुंसकलिंग."

"बाई," काका पाणी कापत म्हणाले, "इंजिनच्या आवाजात लिंग ऐकू येत नाही."

काकांनी केळं सरळ केलं आणि टिकलीला आणि जोडप्याला त्यावर चढवलं. हेडबाईंना केळ्यावर चढता येईना, ते निसरडं असतं, म्हणून मी बोटीची शिडी टाकली आणि त्यांना जॅकेटच्या पट्ट्याला धरून वर घेतलं. त्यांच्या मुलालाही असंच घेतलं होतं. त्या माझ्या समोरच्या फळीवर बसल्या. इस्त्री गेली होती. बाहीतून पाणी गळत होतं. इंजिन बंद, म्हणून एकदम शांत झालं, नुसती बोट डुलत होती.

"चूक माझी," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "आज्ञार्थात लिंग कळत नाही. वाक्य संदिग्ध होतं. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, आणि..."

मी म्हटलं, वाक्य कळलं होतं. तुमच्या मुलाने आधीच सांगितलं होतं. हात आधी चालला, एवढंच.

"मग ऐकलंस तर. तुझं म्हणणं काय?"

मी घरून वाक्यं पाठ करून आले होते. गोड, वळसे घेतलेली, थोरांशी बोलायची. त्यातलं एक आठवेल तर शपथ. माझं डोकं आधीच तापट, त्यात भीतीने पार उकळलेलं.

"मी बोट सोडणार नाही," मी म्हटलं. "मला तुमचा मुलगा हवा आहे आणि बोटही हवी आहे. एकच निवड म्हणालात तर मी रडेन, खूप रडेन, आणि रडत रडत उद्या सकाळी बोटीवरच येईन. हे तुम्हाला उद्धट वाटेल. वाटू दे. पण खोटं हो म्हणून तुमच्या घरात यायचं नाही मला."

चष्मा पुसून झाला होता तरी त्या पुसत राहिल्या. मग किनाऱ्याकडे बघत म्हणाल्या, आणि आता आवाज मैदानावरचा नव्हता.

"तुला वाटलं असेल, मला तुझ्या कामाची लाज वाटते. तसलं काही नाही गं. माझं माणूस डोळ्यांआड गेलं की मला अन्न गोड लागत नाही. हा कॉलेजात होता तेव्हा मी रोज बसस्टॉपवर जाऊन उभी राहायचे. मुख्याध्यापिका, अख्ख्या गावासमोर. तो वैतागायचा. मी ठरवायचे, उद्या जायचं नाही, आणि जायचे. आता तू दिवसभर समुद्रात. मी कुठे जाऊन उभी राहू? इथे कुठला बसस्टॉप?"

हे मला अपेक्षित नव्हतं. भांडायला कंबर कसून बसावं आणि समोरच्याने मांडीवर डोकं ठेवावं, तसं झालं. मी म्हटलं, बसस्टॉप आहे की. ती बाबांची छत्री. तिथून किनाऱ्याच्या टोकाच्या खडकापर्यंत सगळं पाणी दिसतं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. छत्रीपाशी त्यांचा मुलगा आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून बाबांना विचारत होता की दिसतायत का, दिसतायत का.

हेडबाईंच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, पाणी अडकलं. त्या हसत होत्या. आधी तोंड मिटून, मग मिटवेना. "लिंग ऐकू येत नाही म्हणे," त्या म्हणाल्या, आणि फळीवरून घसरल्या. मग मलाही फुटलं. आम्ही दोघी बोटीच्या तळाला पाण्यात बसून इतक्या हसलो की बोट भरकटायला लागली आणि केळ्यावरून काका ओरडले की बाई हरवल्यात का बोटवाली हरवलीये. हेडबाईंनी डोळे पुसले, फळीवर ताठ बसल्या आणि मला म्हणाल्या, "चल." दुसरा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला.

पण हो काही म्हणाल्या नाहीत.

किनाऱ्यावर डॉक्टर बुटांसकट पाण्यात धावत आला. आईची आणि माझी तोंडं बघून काही कळेना, तेव्हा त्याने टिकलीला विचारलं. टिकलीने त्याला सगळं सांगितलं आणि लाल झालेलं बोटही दाखवलं. त्याने स्वतःचं बोट तिच्या बोटाशेजारी धरलं. दोन्हीवर सारखीच सूज होती.

घरी चहा झाला. हेडबाई माझ्या आईचा गाऊन घालून सोफ्यावर बसल्या होत्या, तो त्यांना घोट्याच्या बराच वर येत होता. आईला संकोचाने मान वर करवेना. बाबांनी खाकरून बोटीचा विषय काढला. हेडबाई म्हणाल्या, विचार करते आणि संध्याकाळी निघताना सांगते. डॉक्टर माझ्याकडे बघायचा आणि बिस्किट खायचा, असं करत त्याने सगळी बशी संपवली.

कपडे वाळेपर्यंत त्या छत्रीखाली येऊन बसल्या. रविवार, ऊन कललेलं, माणसांचा नुसता चिखल. बाबा कर्ण्यात ओरडत होते. हेडबाईंना ते बघवेना. त्या गाऊनमध्येच उठल्या, कर्ण्याला हातही न लावता फक्त "रांग" म्हणाल्या, आणि रांग लागली. उंचीप्रमाणे लागली. मी प्रत्येक फेरीहून परत आले की त्या मला एकदा बघायच्या आणि पुन्हा रांगेकडे वळायच्या. उत्तर अजून मिळालं नव्हतं, आणि तरीही मी मजेत होते. त्या दिवशी मी पाडलेल्या प्रत्येक माणसाने पाण्यातून हात हलवून आभार मानले.

शेवटच्या फेरीला नशीब फिरलं. एक मोठं कुटुंब, त्यांना खडकाच्या पलीकडूनच वळसा हवा होता. नेलं. परतताना कुठून तरी वाहत आलेलं फाटकं जाळं बोटीखालच्या पंख्यात गुंडाळलं गेलं आणि इंजिन घरघरून गप्प झालं. काकांनी सुरी घेऊन बुडी मारली. वर आले, शिव्या दिल्या, पुन्हा गेले. कुटुंब केळ्यावर बसून गाणी म्हणत होतं, त्यांना वाटलं हेही तिकिटातच आहे. खडकामुळे किनारा दिसेना. सूर्य पाण्याला टेकला. माझा फोन बाबांच्या छत्रीखाली डब्यात होता, रोज तिथेच असतो. मी चाकावर कपाळ टेकलं. आजच्या दिवशीच हे व्हायचं होतं. ज्या गोष्टीला ती बाई घाबरते, तीच गोष्ट मी तिला पहिल्याच दिवशी करून दाखवली होती.

जाळं निघालं तेव्हा उजेड जात होता. मी पाळण्यासारखं केळं ओढत, वेग न घेता, शक्य तेवढ्या उशिरा पोचावं म्हणून हळूहळू आले. खडक ओलांडला आणि बघितलं, छत्रीखाली कोणी नव्हतं. सगळे पाण्याशी उभे होते. बाबा, आई, खांद्यावर टिकलीला घेतलेला डॉक्टर, आणि तो समुद्राकडे तोंड करून उभा होता, हिरवापिवळा पडलेला, पण तोंड इकडेच. आणि सगळ्यांच्या पुढे, कमरेपर्यंत पाण्यात, नुकत्याच वाळलेल्या पांढऱ्या कपड्यांत हेडबाई.

मी इंजिन बंद केलं. त्या पाणी तुडवत आल्या आणि बोटीची कड दोन्ही हातांनी धरली. मग त्या अख्ख्या किनाऱ्यासमोर मला बोलायला लागल्या. ही काय यायची वेळ झाली. खडकापलीकडे जायचं कोणाला विचारलं. आई तिकडे रडकुंडीला आलीये, तिचा तरी विचार करायचा. काका दोर गुंडाळल्यासारखं करत दुसऱ्या बाजूने उतरले. माझ्या स्वतःच्या आईने मला इतकं कधी झापलं नसेल. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात डॉक्टरचा निरोप घेत होते.

"आणि फोन डब्यात ठेवायला घेतलायस का?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा. खडकापलीकडे जायचं असलं की आधी मला कळवायचं. आणि सूर्य बुडायच्या आत बोट इथे लागली पाहिजे. रोज."

मी मान वर केली. म्हटलं, उद्यापासून?

"मग काय परवापासून?" त्या ओरडल्या, आणि त्यांना रडू फुटलं. मी बोटीतून पाण्यात उडी मारली आणि त्यांना घट्ट धरलं. माझ्या खांद्यावर तोंड दाबून त्या मला बोलतच होत्या, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.